रायटिंगचा अर्धा बँड आणि सीआरएसचे ५८ गुण

लिसनिंग ८.५, रीडिंग ८, स्पीकिंग ७.५, रायटिंग ६.५. ओव्हरऑल ७.५. कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्यासाठी) आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींचा निकाल असाच काहीसा असतो. घरात पेढे वाटावेत असा निकाल, पण एक्स्प्रेस एन्ट्रीच्या, म्हणजे सीआरएस गुणांच्या क्रमाने पीआरच्या अर्जाचं निमंत्रण देणाऱ्या पद्धतीच्या, हिशेबात तो लंगडा आहे. का लंगडा आहे हे कळलं नाही, तर पुढचे सहा महिने आणि फीचे हजारो रुपये भलत्याच जागी खर्च होतात.

कॅनडाचं इमिग्रेशन खातं ओव्हरऑल बँडकडे बघतच नाही. चारही विषयांचे बँड सुटे घेतले जातात आणि प्रत्येकाचं सीएलबी या कॅनडाच्या भाषामापनाच्या पातळीत रूपांतर होतं. सीएलबी ९ साठी जनरल ट्रेनिंग आयईएलटीएसमध्ये लिसनिंगला ८ लागतात आणि रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७. वरच्या निकालात तीन विषय सीएलबी १० वर पोचलेत आणि रायटिंग एकटं सीएलबी ८ वर अडकलंय. लिसनिंगला मिळालेला जादा अर्धा बँड रायटिंगची तूट भरून काढत नाही. (ॲकॅडेमिक आयईएलटीएस इथे चालतच नाही. नाव नोंदवताना हे पाहून घ्या, कारण फी भरून झाल्यावर हे कळलेले लोकही असतात.)

आता गुण मोजू. अविवाहित अर्जदाराला इंग्रजीच्या दर विषयाला सीएलबी ८ चे २३ गुण, सीएलबी ९ चे ३१ आणि सीएलबी १० किंवा त्यावर ३४. म्हणजे रायटिंग ६.५ चं ७ झालं की भाषेच्या रकान्यात वाढले फक्त ८. मोठा फरक पडतो तो स्किल ट्रान्सफरेबिलिटीच्या रकान्यात. तिथे तुमचं शिक्षण आणि कॅनडाबाहेरचा नोकरीचा अनुभव भाषेशी जोडून मोजतात. चारही विषय सीएलबी ७ किंवा त्यावर असतील, पण एक जरी ९ च्या खाली असेल, तर मास्टर्सवाल्याला शिक्षणाचे २५ आणि तीन वर्षं किंवा जास्त अनुभवाचे २५ मिळतात. चारही ९ वर गेले की तेच ५० आणि ५० होतात. ५० इकडचे आणि ८ तिकडचे मिळून ५८ गुण, एका विषयातल्या अर्ध्या बँडवर. जोडीदार सोबत येणार असेल तर हाच फरक ५७ होतो.

नुसतं बी.ई. असेल तर शिक्षणाचे १३ चे २५ होतात, अनुभवाचे २५ चे ५०, आणि भाषेचे ८ धरून एकूण ४५ वाढतात. चारही विषय सीएलबी ८ वर असलेला मास्टर्सवाला चारही ९ वर गेला तर त्याचे ८२ वाढतात. पण सीएलबी ९ वरून १० वर गेल्याने दर विषयाला ३, म्हणजे चारही मिळून १२ च गुण वाढतात. त्यामुळे सीएलबी ९ हा उंबरठा चारही विषयांत ओलांडणं हेच काम आहे. तो ओलांडल्यावर आठ-नऊ बँडच्या मागे लागण्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कटऑफपासून (निमंत्रणासाठी लागणाऱ्या किमान गुणांपासून) दहा-बारा गुणच कमी पडत असतील तर गोष्ट वेगळी.

२५ मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे ५० किंवा २०० गुण सीआरएसमधून काढून टाकले गेले. महाराष्ट्रात बसून अर्ज करणाऱ्याच्या हातात आता फार थोड्या गोष्टी उरल्यात. वयाचे गुण तिशीपासून दर वाढदिवसाला घटतात, नवी पदवी घ्यायला वर्षं जातात, आणि कॅनडाबाहेरच्या अनुभवाचे गुण तीन वर्षांनंतर वाढत नाहीत. दोन-तीन महिन्यांच्या मेहनतीत हलणारा आकडा एकच, भाषेचा.

म्हणून परत परीक्षेला बसण्याआधी अडकलेला विषय कोणता आणि तो कशामुळे अडकलाय हे शोधायचं. ‘इंग्रजी पेपर वाचा, इंग्रजी सिनेमे बघा’ हा सल्ला पाच बँडच्या माणसाला उपयोगी पडतो. साडेसहावर अडकलेल्याची भाषा बहुतेक वेळा पुरेशी असते, गुण ठरावीक जागी गळत असतात.

सगळ्यात जास्त लोक अडकतात रायटिंगला. ६० मिनिटांत दोन उत्तरं लिहायची असतात: किमान १५० शब्दांचं पत्र आणि किमान २५० शब्दांचा निबंध. निबंधाचं वजन पत्राच्या दुप्पट. दोन्हींना चार निकषांवर सारखेच गुण असतात: प्रश्नाला दिलेलं उत्तर, मांडणी, शब्दसंपदा आणि व्याकरण. सहा आणि सात बँडमधली रेघ परीक्षकांच्या वर्णनात उघड दिलेली आहे. सात बँडच्या व्याकरणात बिनचूक वाक्यं वारंवार यायला हवीत. आपल्याकडचे लोक नेमके इथेच घसरतात, कारण ‘चुका बारीकसारीक आहेत, अर्थ तर कळतोय’ असं वाटत राहतं. अर्थ कळण्यापुरतं लेखन सहा बँडचंही असतं.

निबंधातलं हे एक नेहमीचं वाक्य पाहा: ‘गव्हर्न्मेंट शुड टेक स्टेप टू इम्प्रूव्ह द पब्लिक ट्रान्सपोर्ट बिकॉज पीपल आर फेसिंग लॉट ऑफ प्रॉब्लेम.’ सुरुवातीला ‘द’ हवा होता. ‘स्टेप’ला अनेकवचनाचा एस नाही. ‘पब्लिक ट्रान्सपोर्ट’आधीचा ‘द’ नको. ‘लॉट ऑफ’च्या आधी ‘अ’ हवा. ‘प्रॉब्लेम’लाही एस नाही. सोळा शब्दांत पाच चुका, आणि एकही मोठी नाही. लिहिणाऱ्याचं इंग्रजी चांगलं आहे, ऑफिसात त्याच्या ईमेलला कोणी नाव ठेवत नाही. पण निबंधातली पंधरापैकी बारा वाक्यं अशी असली तर परीक्षकाला सात देताच येत नाहीत. मराठीत ‘अ’ आणि ‘द’सारखं काही नाही, त्यामुळे ते कुठे हवेत हे आपल्या कानाला जाणवत नाही. ते मुद्दाम शोधावे लागतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. निबंध वेळ लावून लिहा आणि एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्य सुटं करून वहीत उतरवा आणि पुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करा. चूक कोणत्या जातीची तेही लिहा: आर्टिकल, अनेकवचन, काळ, प्रिपोझिशन, कर्ता-क्रियापदाचा मेळ. चार-पाच निबंधांत लक्षात येतं की बहुतेक चुका दोन किंवा तीनच जातींच्या आहेत. ‘वन ऑफ द रीझन’ (शेवटी एस विसरून), ‘डिस्कस अबाउट’, ‘आय ॲम हॅविंग टू इयर्स एक्स्पीरियन्स’ हे आपले नेहमीचे गडी. मग परीक्षेत शेवटची चार मिनिटं फक्त तुमच्या त्या दोन-तीन जाती शोधायला राखून ठेवायची. सगळं पुन्हा वाचत बसायचं नाही. निम्म्याहून बरीच जास्त वाक्यं निखळ बरोबर येऊ लागली की व्याकरणाच्या निकषात सात आवाक्यात आले असं समजा.

दुसरी गळती प्रश्नाच्या उत्तरात होते. ‘दोन्ही मतांची चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या’ असा प्रश्न असतो, आणि स्वतःचं मत शेवटच्या ओळीत अर्धवट येतं. किंवा एकेका परिच्छेदात तीन-तीन मुद्दे येतात, प्रत्येकाला एक ओळ. परीक्षकाला तीन मुद्द्यांची यादी नको असते. एक मुद्दा घ्या, तो का खरा आहे हे दोन वाक्यांत सांगा, आणि एक नेमकं उदाहरण द्या. शहरातल्या वाहतुकीवर लिहिताना ‘मेट्रो सुरू झाल्यावरही स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षा मिळाली नाही तर लोक दुचाकीच काढतात’ हे लिहिलं तर मुद्दा पुढे सरकतो. ‘ट्रॅफिक वाढतं, पोल्यूशन वाढतं, स्ट्रेस वाढतो’ यात तो जागच्या जागी राहतो.

क्लासमध्ये पाठ करून घेतलेल्या साच्यांबद्दल मला खरंच चीड आहे. ‘इन दिस कंटेम्पररी एरा’, ‘इट इज अ हायली डिबेटेबल टॉपिक’ अशा ओळी परीक्षक रोज वाचतात. पाठ केलेला मजकूर ओळखण्याचं प्रशिक्षण त्यांना दिलेलं असतं आणि त्या शब्दांचे गुण मिळत नाहीत. शिवाय सुरुवात अशी भारदस्त आणि पुढचं वाक्य तुमचं स्वतःचं साधं, हा सांधा लगेच दिसतो. अवघड शब्द घालण्यापेक्षा साध्या शब्दांच्या योग्य जोड्या जास्त गुण देतात. ‘हेवी ट्रॅफिक’ बरोबर, ‘बिग ट्रॅफिक’ चूक.

पत्र तुलनेने सोपं असतं, त्यामुळे त्याकडे दुर्लक्ष होतं. त्यात तीन मुद्दे दिलेले असतात आणि तिन्हींना दोन-तीन वाक्यं मिळायला हवीत. तिसरा मुद्दा एका ओळीत उरकला की पहिल्याच निकषात फटका बसतो. सूरही सांभाळायचा असतो. मित्राला लिहिलेल्या पत्रात मध्येच ‘काइंडली डू द नीडफुल’ आलं की सूर बिघडला. २० मिनिटांच्या वर पत्राला एक मिनिटही देऊ नका, कारण दुप्पट वजनाचा निबंध मागे वाट बघतोय.

सराव किती? आठवड्याला दोन निबंध आणि एक पत्र पुरे, पण प्रत्येक तपासलेलं आणि दुरुस्त करून पुन्हा लिहिलेलं. रोज एक निबंध लिहून तो कोणाला न दाखवणारा माणूस आपल्याच चुका पक्क्या करतो. तपासणारा कोण हेही बघा. ‘व्हेरी गुड, ६.५’ एवढंच लिहून देणारा उपयोगाचा नाही. चारही निकषांचे बँड वेगळे देऊन त्यामागचं कारण सांगणारा हवा.

लिसनिंगला ८ साठी ४० पैकी साधारण ३५ उत्तरं बरोबर लागतात, म्हणजे चुकायला फक्त पाच जागा. इंग्रजी कळतं म्हणून लिसनिंग सोपं समजणारे ७.५ वर अडकतात. पहिल्या भागात मुद्दाम हुलकावणी असते. बोलणारी बाई आधी सांगते, टूर दहाला निघते. मग म्हणते, अरे नाही, या आठवड्यापासून साडेनऊ. पहिलं ऐकून लिहिणारा मोकळा होतो आणि दुरुस्ती त्याच्या कानावरून जाते. अनेकवचनाचा एस सुटतो. स्पेलिंग चुकतं (ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही चालतात, पण चूक चालत नाही). ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन लिहिले जातात. नकाशाच्या प्रश्नात एक ठिकाण हुकलं की त्याच्या नादात पुढची दोन हातची जातात.

सराव परीक्षा दिल्यावर नुसता स्कोअर लिहून पुढच्या टेस्टकडे जाऊ नका. संहिता (ऑडिओचा लिहिलेला मजकूर) समोर ठेवून प्रत्येक चुकलेल्या उत्तरापाशी ऑडिओ परत ऐका आणि कारण ठरवा: ऐकूच आलं नाही, हुलकावणीत सापडलो, स्पेलिंग, की मागच्याच प्रश्नात अडकलो? तीन-चार टेस्टनंतर तुमचं कारण आपोआप वर येतं. ऐकूच येत नसेल तर तेवढा तुकडा संहितेशिवाय शब्द न् शब्द लिहून काढा. पाच मिनिटांच्या ऑडिओला अर्धा तास लागेल, पण कान तयार करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

रीडिंगला जनरल ट्रेनिंगमध्ये ७ साठी साधारण ३४ बरोबर लागतात. ॲकॅडेमिकला ३० च्या आसपास पुरतात, म्हणून ॲकॅडेमिकचा तक्ता बघून निश्चिंत होऊ नका. पहिले दोन भाग जाहिराती, सूचना आणि नोकरीच्या ठिकाणचा मजकूर असे असतात. ते ३० ते ३३ मिनिटांत संपवून उरलेला वेळ शेवटच्या मोठ्या उताऱ्याला द्या. उत्तरं उतरवून काढायला वेगळा वेळ मिळत नाही. ‘फॉल्स’ आणि ‘नॉट गिव्हन’ची गल्लत होत असेल तर एकच प्रश्न विचारा: हे विधान खोटं ठरवणारं वाक्य मला उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येतं का? येत नसेल तर ‘नॉट गिव्हन’. स्वतःचं सामान्यज्ञान इथे नडतं.

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं. उच्चार ब्रिटिश असायची गरज नाही, मराठी वळणाला गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला ताण पडला की मात्र गुण जातात. व्ही आणि डब्ल्यू एकसारखे म्हणणं, ‘शिप’ आणि ‘शीप’ सारखेच उच्चारणं, ‘आस्क्ड’, ‘कॉस्ट्स’ अशा शब्दांचा शेवट गिळणं आणि भरभर बोलणं, एवढ्या चार गोष्टी सुधारल्या तरी फरक पडतो. दुसऱ्या भागात एक मिनिट तयारी आणि दोन मिनिटांपर्यंत बोलणं असतं. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. भूतकाळातली गोष्ट सांगताना मध्येच वर्तमानकाळात घसरण होते, ती तिथेच पकडता येते. तिसऱ्या भागात एका वाक्यात उत्तर देऊन गप्प बसणारे सहावर राहतात. मत सांगा, कारण सांगा, उलट बाजूही थोडी बोला.

निकाल आला आणि तीन विषय जमले, रायटिंग ६.५ वर राहिलं, तर दोन वाटा आहेत. एक, पुनर्तपासणी. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत ती मागता येते, फक्त रायटिंगचीही मागता येते, आणि बँड बदलला तर फी परत मिळते. ६.५ चं ७ होणं अशक्य नसतं. ६ चं ७ होईल म्हणून पैसे घालू नका. दुसरी वाट पुन्हा परीक्षा देण्याची, आणि ती चारही विषयांची द्यावी लागते. कारण एक्स्प्रेस एन्ट्रीत गुण एकाच परीक्षेतले लागतात, जुनं लिसनिंग आणि नवं रायटिंग अशी जोडणी चालत नाही. त्यामुळे रायटिंगच्या तयारीत बाकीचे तीन गंजू देऊ नका. दुसऱ्यांदा रायटिंग ७ आणि लिसनिंग ७.५ आलं तर परत तिथेच. नव्या परीक्षेत बँड घसरले तरी जुना निकाल मुदतीत असेपर्यंत वापरता येतो, ती भीती नको.

कागदी आणि संगणकावरची असे दोन्ही पर्याय मिळत असतील आणि टायपिंग बरं असेल तर संगणकावरची परीक्षा घ्या. शब्दसंख्या पडद्यावर दिसते, वाक्य हलवता येतं आणि निकाल काही दिवसांत येतो. मात्र लिसनिंगनंतर कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला मिळणारी १० मिनिटं तिथे नसतात, तपासायला फक्त २ मिनिटं मिळतात.

परीक्षाच बदलावी का, हा प्रश्न हमखास येतो. सेल्पिप जनरल आणि पीटीई कोअर या इंग्रजीच्या दुसऱ्या दोन परीक्षाही चालतात. पीटीई कोअर २०२४ पासून धरली जाते; पीटीई ॲकॅडेमिक नव्हे. ‘पीटीई सोपी’ असं ऐकून उडी मारण्याआधी तक्ता बघा: सीएलबी ९ साठी तिथे लिसनिंग ८२, रीडिंग ७८, स्पीकिंग ८४ आणि रायटिंगला ९० पैकी ८८ लागतात. सेल्पिपमध्ये मिळालेली पातळी हीच सीएलबी असते, उच्चार कॅनडाचे असतात, आणि स्पीकिंग माणसासमोर नाही तर संगणकासमोर असतं. माणसासमोर गांगरणाऱ्याला ते बरं पडतं. पण व्याकरणामुळे अडकलेला माणूस परीक्षा बदलून सुटत नाही, त्याच चुका तिथेही गुण खातात.

तारखांचा हिशेब आधीच मांडा. निकाल दोन वर्षं चालतो, आणि प्रोफाइल भरतानाच नव्हे तर निमंत्रण आल्यावर पीआरचा अर्ज पाठवण्याच्या दिवशीही तो मुदतीत असावा लागतो. निमंत्रणानंतर अर्जाला ६० दिवस मिळतात. वयाचं म्हणाल तर अविवाहिताला वय २० ते २९ असताना ११० गुण, ३० ला १०५, ३१ ला ९९, ३२ ला ९४. ‘पुढच्या वर्षी निवांत देऊ’ म्हणणाऱ्याचे पाच-सहा गुण वाढदिवसालाच जातात.

जोडप्यांनी दोघांनीही परीक्षा द्यावी. जोडीदाराच्या इंग्रजीचे जास्तीत जास्त २० गुण असतात, परीक्षा दिली नाही तर शून्य. शिवाय मुख्य अर्जदार कोण असावा हे दोघांचे निकाल हातात आल्यावरच ठरवावं, नवराच मुख्य अर्जदार हे गृहीत धरू नये.

इंग्रजीत सीएलबी ९ गाठूनही कटऑफ दूर असेल तर फ्रेंचचा विचार करा. चारही विषयांत एनसीएलसी (सीएलबीसारखीच फ्रेंचची पातळी) ७ किंवा जास्त असेल तर सीआरएसमध्ये ५० गुण जादा मिळतात, दुसऱ्या भाषेचे आणखी वेगळे. फ्रेंचसाठी निमंत्रणांच्या स्वतंत्र फेऱ्याही होतात: २१ मार्च २०२५ च्या फेरीचा कटऑफ ३७९ होता, तर त्या वर्षी कॅनडातल्या अनुभवाच्या सीईसी फेऱ्या ५०० च्या वर चालल्या. फक्त हे दोन महिन्यांचं काम नाही. शून्यापासून त्या पातळीला जायला रोजच्या अभ्यासाचं किमान वर्ष धरा.

नवा निकाल हातात आला की प्रोफाइल लगेच सुधारा, निमंत्रणाची वाट बघणाऱ्यांच्या पूलमध्ये असतानाही ते करता येतं. बँड निकालपत्रावरचेच भरा, स्वतः सीएलबीत बदलून नको, आणि निकालपत्राचा क्रमांक एकेक अक्षर ताडून बघा. भरताना रीडिंग-रायटिंगचे रकाने उलटे झाले आणि त्या वाढीव गुणांवर निमंत्रण आलं, तर छाननीत अर्ज नाकारला जाऊ शकतो. सबमिट करण्याआधी निकालपत्र शेजारी ठेवून दुसऱ्या कोणाकडून तरी चारही आकडे मोठ्याने वाचून घ्या.